गल्ल्यावरून उठताना

बावड्यात एखादं दुकान बंद होणार असलं की ती बातमी आधी चहाच्या टपरीवर पोचते आणि मग मालकाच्या घरी. "अण्णांचं दुकान काढायचं चाललंय म्हणं," असं कुणीतरी कुणाला तरी सांगतं. मूळ सांगणारा कोण, याचा पत्ता लागत नाही. अण्णा मात्र रोजच्यासारखे साडेआठला शटर वर करतात, उंबऱ्यावर पाण्याचा शिपका मारतात, दोन उदबत्त्या लावून एक अंबाबाईच्या आणि एक वडिलांच्या फोटोपुढं खोचतात आणि गल्ल्यामागं बसतात. कुणी विचारलंच तर म्हणतात, "कोण म्हणतंय? बसलोय की हितंच." खरंच बसलेले असतात. बसण्याची अडचण कधीच नव्हती, उठण्याची आहे.

मी याच रस्त्याला, जिन्याखालच्या एका खोलीत दुकानदारांची टॅक्सची कामं करतो. जीएसटीची रिटर्न, शॉप ॲक्ट, बँकेला लागणारे कागद. समोरचा माणूस आधी विक्रीचा आकडा सांगतो, मग मंदीचं गाऱ्हाणं सांगतो, आणि चहा आला की घरातलं बोलायला लागतो. अलीकडे त्या चहाबरोबरच्या बोलण्यात एकच विषय वरचेवर निघतो. पोरगं येणार नाही, आता पुढं काय?

कसबा बावडा हे नाव गावाचं आहे आणि वस्ती आता शहराची. कोल्हापुरातून कलेक्टर कचेरीवरून येणारा रस्ता लाईन बाजार मागं टाकून बावड्यात शिरतो आणि राजाराम साखर कारखान्याकडं जातो. कडेनं पंचगंगा. हंगामात अजून उसाच्या गाड्या मधूनच रस्ता अडवतात आणि संध्याकाळी मळीचा आंबूस वास दुकानाच्या आत येऊन बसतो. बाहेरगावचे लोक बावड्याला मिसळीसाठी येतात, आम्ही इथं दळप घेऊन गिरणीत, मोटरसायकल घेऊन गॅरेजात आणि ब्लाऊजपीस घेऊन शिंपीणबाईंकडं जातो. या रस्त्यावरची निम्मी दुकानं अशा माणसांनी उभी केली ज्यांचे वडील शेतात नाहीतर कारखान्यात राबत होते. दुकान हा त्या घरांचा पहिला स्वतःचा धंदा. त्याच दुकानानं पोरांची फी भरली. इंजिनिअरिंग कॉलेजही लांब नव्हतं, बावड्यातच आहे. पोरं चालत कॉलेजला गेली, डिग्री घेतली आणि बसनं हिंजवडीला गेली.

त्यांना दोष देणाऱ्यांत मी नाही. एका पोराला मी विचारलं होतं, अण्णांच्याच. दिवाळीला आला होता, दुकानात पाठ टेकून उभा होता. तो म्हणाला, "काका, हिशेब तुम्हीच करता. दुकान महिन्याला किती देतंय ते तुम्हाला माहीत आहे, आणि हा गाळा मोबाइलवाल्या कंपनीला भाड्यानं दिला तर किती येईल तेही." मला माहीत होतं. रस्त्याकडेच्या गाळ्याचं भाडं दुकानाच्या नफ्यापुढं केव्हाच निघून गेलंय. जागेला भाव आहे, धंद्याला नाही. बापाला वाटतं पोराला धंद्याची लाज वाटते. पोराला बिचाऱ्याला फक्त वजाबाकी येते.

पण त्या वजाबाकीत एका रकमेचा रकाना राहून जातो, कारण तो कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

आमच्या मागच्या गल्लीतली पिठाची गिरणी घ्या. मालकांना आम्ही मामा म्हणतो. त्यांचा गुडघा गेला, मग कंबर गेली, आणि मुलगा शिरोलीच्या एमआयडीसीत पाळीत. गिरणी बंद होणार असं टपरीवर ठरूनही गेलं. एक दिवस सून येऊन उभी राहिली, पदर कमरेला खोचून. मामा म्हणाले, "तुला पट्टा चढवाय येतोय का?" ती म्हणाली, "शिकतो की. त्यात काय हाय?" पट्टा चढवायला दोन दिवसांत आलं. बाकीचं यायला वर्ष लागलं. गव्हामागं गहू आणि जोंधळ्यामागं जोंधळा अशी डब्यांची रांग लावायची, कुणी आधी आलो म्हणून भांडलं तरी. हरभऱ्याची डाळ शेवटाला. एकादशीच्या आदल्या दिवशी दगड, सुपडं, तोंडाची पिशवी सगळं झाडून आधी मूठभर वरी फिरवायची आणि ते पीठ बाजूला काढायचं, मगच उपासाचं दळप. पीठ पिशवीतून पडताना अंगठा आणि तर्जनीत धरून बघायचं. बोटाला चटका बसला तर दगड जवळ आलेत. रवाळ लागलं आणि आवाजही बोथट झाला तर दगडाला टाकी घालायची वेळ झाली. मामा कॉटवर पडून, भिंतीपलीकडून, नुसत्या आवाजावर ओरडायचे, "सैल सोड!" ती सैल सोडायची. पुढं पुढं मामा ओरडायच्या आतच आवाज बदलायला लागला, आणि मामांचं ओरडणं कमी झालं. मला विचाराल तर त्या घरात वारसा हस्तांतरित झाला तो त्या भिंतीतून. कागद नंतर झाले, आणि कागदांना जास्त त्रास झाला. कारण गिरणीचा वीजमीटर मामांच्या नव्हे, मामांच्या वडिलांच्या नावावर निघाला. आजोबा जाऊन जमाना झाला, बिल अजून त्यांनाच येतं आणि ते एकदाही थकलेलं नाही.

ही गोष्ट मी अभिमानानं सांगतो, पण टपरीवर ती अपवाद म्हणून सांगितली जाते. "सुनेनं चालवली, पण किती दिवस?" पोरगा दोन महिन्यांत कंटाळून गेला असता तरी त्याला कुणी हा प्रश्न विचारला नसता.

वारस म्हणजे पोटचा मुलगा, हे आपल्याकडं इतकं घट्ट बसलंय की त्याच्या बाहेर बघायला मान वळत नाही. आणि हे बावड्यात व्हावं याची मला गंमत वाटते. कारण या गावातलं सगळ्यांत प्रसिद्ध मूल दत्तक गेलेलं आहे.

लक्ष्मी-विलास पॅलेसमध्ये २६ जून १८७४ रोजी कागलच्या जयसिंगराव घाटगे यांना मुलगा झाला. नाव यशवंतराव. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा चौथे शिवाजी महाराज होते. तेही दत्तकच, कारण त्यांच्या आधीचे राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपातून परतताना फ्लॉरेन्सला वारले होते. २५ डिसेंबर १८८३ रोजी चौथ्या शिवाजी महाराजांचा अहमदनगरच्या किल्ल्यात मृत्यू झाला आणि गादी पुन्हा रिकामी पडली. त्यांच्या पत्नी आनंदीबाईसाहेबांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना मांडीवर घेतलं आणि त्यांचे शाहू झाले. दहावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. त्याच दत्तकाच्या प्रश्नावर कंपनी सरकारनं १८४८ मध्ये साताऱ्याची गादी खालसा केली होती, म्हणजे दत्तकविधान हा काही घरगुती मामला नव्हता, राज्य राहतं की जातं याचा होता.

शाहू जयंतीला आम्ही सगळे लक्ष्मी-विलास पॅलेसवर जातो, हार घालतो, पण दुकानदाराच्या नजरेनं या कहाणीकडं कुणी बघत नाही. गादी मिळाली १८८४ साली, कारभार हातात आला २ एप्रिल १८९४ रोजी. मधली दहा वर्षं तयारीची. राजकोटचं कॉलेज, मग धारवाड, तिथं फ्रेझरसाहेबांची शिकवणी. या शिक्षणामागं इंग्रजांचा आपला मतलब होता, त्यांना सोयीचा राजा घडवायचा होता. तरी मुद्दा राहतोच. नाव लावलं आणि चाव्या दिल्या, असं त्यांनी केलं नाही. आणि शिकवणाऱ्यांच्या मनात जे होतं ते शिकणाऱ्यानं केलं असंही नाही. १९०२ च्या जुलैत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला, तो काही धारवाडच्या वर्गात शिकवलेला नव्हता. गिरणीतल्या सुनेनं परवा नाचणीचं पीठ पाव-पाव किलोच्या पिशव्यांत भरून विकायला ठेवलं, तेव्हा मामा तासभर फुरंगटून बसले होते. बसू दे त्यांना फुरंगटून.

पुढंही या घराण्यात तेच होत आलं. १९४० मध्ये शाहूंचे पुत्र राजाराम महाराज गेले. त्यांच्यामागं दत्तक आलेले बाल शिवाजी महाराज १९४६ मध्ये गेले, आणि १९४७ मध्ये देवासहून विक्रमसिंहराव आले, शहाजी महाराज झाले. ते शाहू महाराजांच्या मुलीचे चिरंजीव. बघा, गादीनं मुलीच्या बाजूनं वारस आणला. आमच्या रस्त्यावर मात्र लेक इचलकरंजीला दिली की तिचा दुकानाशी संबंध राखीपौर्णिमेपुरता राहतो. ती ओवाळायला येते आणि जाताना हक्कसोडपत्रावर सही करून जाते. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. कायदा पुस्तकात आहे, आणि सही करताना पेन पुढं करणारा भाऊ समोर आहे.

आपल्या राजघराण्याचं सोडा, तुमच्या दारात मारुती उभी असेल. तिच्या पुढच्या जाळीवर इंग्रजी एस आहे तो सुझुकीचा. ती कंपनी चार दशकांहून जास्त काळ ज्यांनी चालवली ते ओसामू सुझुकी जन्मानं मात्सुदा. बँकेत नोकरीला होते. सुझुकींच्या घरात मुलगा नव्हता, म्हणून नातजावई करून घेतला, दत्तक घेऊन आडनाव दिलं आणि कारखान्यात बसवला. जपानी व्यापारी घराण्यांत ही जुनी रीत आहे. पोटचा पोरगा बिनकामाचा निघाला तर चांगला जावई किंवा चांगला मुनीम दत्तक घ्यायचा, दुकानाचं नाव बुडू द्यायचं नाही. ओसाकात ५७८ सालापासून देवळं बांधणारी कोंगो गुमी नावाची पेढी होती, तिच्यात मधूनमधून जावई आले, एकदा तर नवऱ्यामागं बायकोनं कारभार धरला. पुढं २००६ मध्ये कर्जापायी ती दुसऱ्या कंपनीत गेली, म्हणजे दत्तकानं सगळंच निभावतं असं नाही. ओसामूंनी १९८२ मध्ये भारत सरकारशी करार केला आणि आपल्या रस्त्यांचं रूप पालटलं. जावई पत्करला म्हणून केवढं झालं बघा. पण त्याच ओसामूंना स्वतःला मात्र खुर्ची सोडवेना. २०२१ मध्ये अध्यक्षपदावरून उतरले तेव्हा वय एक्क्याण्णव होतं. हे वाचलं तेव्हा मला आमचे अण्णा आठवले. माणूस हमामात्सूचा असो नाहीतर बावड्याचा, त्याचा गल्ला सुटत नाही.

घरात शोधून वारस मिळत नसेल तर तो बहुतेक वेळा दुकानातच असतो. फक्त त्याच्याकडं त्या नजरेनं कुणी बघत नाही. करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर हे मी लहानपणापासून बघत आलोय. मालक असतो तो उसाचा आणि काहिलीचा. गूळ करतो तो गुळव्या. रस उकळताना भेंडीच्या झाडाचं पाणी किती घालायचं, मळी कधी काढायची, चुलवाणात चिपाड कधी थांबवायचं, हे सगळं गुळव्या ठरवतो. पाक बोटावर घेऊन पाण्यात टाकतो, गोळी वळते का बघतो आणि हात वर करतो. तो हात वर गेला की आदण उतरवायचंच. मालकाचा मुलगा एमबीए असला तरी तिथं बाजूला सरकतो. त्या हाताची किंमत हंगामाच्या मजुरीत मिळते, तेवढीच. गुळव्याचा पोरगा आता गुळव्या व्हायला तयार नाही, आणि मालक म्हणतो, "चांगला गूळच मिळत न्हाई आता."

हाताखालचा माणूस हाच वारस, हे न ओळखल्याचं कोल्हापुरातलं मोठं उदाहरण सिनेमाचं आहे. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. त्यांच्या हाताखाली दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम तयार झाले. १९२९ साली ते चौघे बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णींच्या भांडवलावर १ जूनला प्रभात काढली. प्रभात पुढं पुण्याला गेली, जगभर नाव झालं, आणि इकडं महाराष्ट्र फिल्म कंपनी थोड्याच वर्षांत आटोपली. यात कुणाची चूक किती हे मी सांगायला बसलो नाही, त्यावर कोल्हापुरात अजून दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसं आहेत. पण चौघेही शिष्य एकाच दारातून बाहेर पडतात तेव्हा त्या दाराच्या आत त्यांना जागा नव्हती एवढं तरी खरं.

अण्णांच्या दुकानातही असा एक माणूस आहे. सायकलीचं दुकान होतं तेव्हा पंक्चर काढायला शाळेतून सुटला की यायचा. सायकली गेल्या, दुचाकीचे स्पेअर पार्ट आले, तो तिथंच. आता त्याच्या कानशिलावर पांढरं आलंय, त्याची पोरगी बारावीला आहे, आणि अण्णा अजून म्हणतात, "दुकानातलं पोरगं आलं की पाठवून देतो." गाडी दारात येईपर्यंत त्यानं आवाजावरून सांगितलेलं असतं, चेन गेली की बेअरिंग. कंपनीचं पार्ट आणि नकली पार्ट तो डबी न उघडता, हातात वजन घेऊन सांगतो. कुठला मिस्त्री उधारी बुडवणार आहे हे त्याला अण्णांच्या सहा महिने आधी कळतं. अण्णांना मी एकदा म्हटलं, दुकान यालाच का देत नाही? अण्णा बराच वेळ खडूनं काउंटरवर रेघ ओढत राहिले. मग म्हणाले, "दिलं असतं हो. पण भाऊबंद काय म्हणतील? पोरगं असताना नोकराला दिलं?" त्या माणसाला वेगळं विचारलं तर तो म्हणाला, "मी कसं तोंड उघडू? अण्णांना वाटंल मी टपूनच बसलोय." दोघं रोज दहा तास एकमेकांपासून हाताच्या अंतरावर उभे असतात आणि दोघांनाही एकच गोष्ट बोलायची असते.

तसं न बोलता गेलेल्या माणसांमागं काय होतं, ते माझ्या टेबलावर येऊन पडतं. एकट्याच्या मालकीचं दुकान हे कायद्याच्या लेखी त्या माणसाहून वेगळं नसतं. माणूस गेला की पॅन संपतो, पॅनला बांधलेला जीएसटी नंबर संपतो, करंट खातं थांबतं. वारसानं नवीन नोंदणी घ्यायची, जुन्या खात्यातलं क्रेडिट आयटीसी-०२ नावाच्या फॉर्मनं नव्यावर आणायचं, आणि तोवर माल विकायचा कुणाच्या नावानं हा प्रश्न. लाईन बाजाराकडच्या एका किराणा दुकानात मालक गेल्यानंतर काउंटरवर त्यांचाच क्यूआर होता. गिऱ्हाईक स्कॅन करायचं, पैसे जायचे नाहीत, आणि पैसे आल्याचं सांगणारी डबी गप्प. बायको म्हणत होत्या, "नॉमिनी मीच आहे की!" नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेऊन वारसांना पोचवणारा विश्वस्त, मालक नव्हे, हे त्यांना त्या दिवशी समजावणं माझ्या जिवावर आलं. मृत्युपत्र करायला दोन साक्षीदार आणि शाबूत डोकं एवढंच लागतं, नोंदणीसुद्धा सक्तीची नाही. पण मृत्युपत्राचा विषय काढला की समोरचा माणूस म्हणतो, "एवढ्यात? अजून धडधाकट हाय मी."

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी एकोणचाळीस फुटांवर गेलं की इशारा आणि त्रेचाळीसला धोका, हे बावड्यातलं शेंबडं पोरगंही सांगेल. पावसाळ्यात आम्ही त्या आकड्यावर झोपतो आणि त्यावर उठतो. दुकानदाराच्या आयुष्याला तशी रंगवलेली पट्टी कुठं लावलेली नसते. २०१९ च्या पुरात शहरातल्या दुकानदारांच्या उधारीच्या वह्या लगदा होऊन बाहेर पडल्या तेव्हा कितीतरी जणांना पहिल्यांदा उमगलं, की येणं किती आहे हे त्या वहीशिवाय फक्त एका माणसाच्या डोक्यात होतं. त्यातल्या काहींनी नंतर कॉम्प्युटर घेतला. डोक्यातलं कुणाला सांगून ठेवलं का, ते विचारू नका.

कायदा काही अगदीच बिनडोक नाही, हेही सांगायला हवं. महाद्वार रोडसारख्या जुन्या पेठांत पागडीची दुकानं आहेत. भाडेकरू वारला तर भाडेहक्क कुणाकडं जायचा, याबद्दल महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात तरतूद आहे. धंद्याची जागा असेल तर घरातला जो माणूस त्या जागेत धंदा करत होता, त्याचा विचार आधी. तसा कुणी नसेल तरच बाकीचे वारस. म्हणजे कायदाही आधी हेच विचारतो, दुकानात बसत कोण होतं? फक्त तो प्रश्न घराच्या उंबऱ्यापाशी थांबतो, दुकानातल्या पोरग्यापर्यंत येत नाही. आणि २०१३ च्या कंपनी कायद्यात एका माणसाची कंपनी काढायची सोय झाली, तिच्यात तर सुरुवातीलाच लिहून द्यावं लागतं की मी गेलो तर अमुक माणूस, आणि त्या अमुक माणसाची लेखी संमती जोडावी लागते. जन्माच्या दाखल्याबरोबरच वारसाचं नाव. दुकान काढतानाच हे विचारलं असतं तर अण्णांनी कुणाचं नाव लिहिलं असतं, हे मला कधीकधी बघावंसं वाटतं. तेव्हा पोरगा जन्मला नव्हता आणि पंक्चरवाला शाळेत होता.

परवा एका दुपारी अण्णा आणि तो, दोघे एकत्र माझ्या खोलीत आले. कोण आधी बोललं ते मी विचारलं नाही. मला जे सुचलं ते असं, की गाळा आणि धंदा एकमेकांपासून सोडवायचे. गाळा पोरांचा, तो मृत्युपत्रात पोराला आणि लेकीला जाईल, त्याचं भाडं दुकान देईल. बक्षीसपत्राचं त्यांच्या डोक्यात होतं, ते मी काढलं. राहतं घर किंवा शेतजमीन मुलांना बक्षीस द्यायची तर मुद्रांकात मोठी सवलत आहे, दुकानाच्या गाळ्याला ती सवलत नाही, तिथं बाजारभावाच्या टक्क्यांत मोजावं लागतं. धंदा मात्र भागीदारीत घ्यायचा. अण्णांचा वाटा दरसाल थोडा कमी होत जाईल, त्याचा वाढत जाईल, आणि अण्णांना त्यांच्या नावाच्या किमतीचा हप्ता मिळत राहील. भाड्याचा आकडा बाजाराहून कमी धरायचा का, यावर पोराशी बोलावं लागेल. वजाबाकी त्यालाही येते, बापाच्या डोळ्यांदेखत चालणारं दुकान त्यात किती रुपयांना धरायचं ते त्यानं ठरवावं.

मग मी सांगितलं, दोघांचीच भागीदारी असली की एक गेल्यावर ती आपोआप संपते, तेव्हा तिसरं नाव पाहिजे. अण्णा पोराचं नाव घेणार तेवढ्यात तो माणूस म्हणाला, "ताईंना घेऊया की. लग्नाआधी वह्या त्याच लिहायच्या." अण्णांनी त्याच्याकडं असं बघितलं की जणू त्यानं दुकानातला हरवलेला पाना काढून दिला. तिथंच इचलकरंजीला फोन लावला, स्पीकरवर. लेकीनं सगळं ऐकून घेतलं. हप्ता किती वर्षं, उधारीतली बुडीत रक्कम कुणाच्या माथी, जुना माल खरेदीच्या भावानं धरणार की आजच्या, असे तीन प्रश्न विचारले जे मीही अजून विचारले नव्हते. बुडीत उधारीवर दोघांची जुंपली. अण्णा म्हणत होते ती त्यांच्या काळातली, त्यांचीच. तो म्हणत होता, त्यातली निम्मी मीच दिली होती, तुम्हाला न विचारता. हे अण्णांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

शेवटी ती फोनवरून म्हणाली, "माझी एक अट लिहून घ्या. एप्रिलपासनं अण्णा गल्ल्यावर बसायचे न्हाईत. दुकानात यायचं, चहा प्यायचा, बाकड्यावर बसायचं. गल्ल्याला हात लावायचा न्हाई."

अण्णांनी चष्मा काढला, माझ्याकडं वळले. "असलं कराराच्या कागदावर लिहिता येतंय?"

"येतंय," मी म्हटलं.

"मग रविवारचं तेवढं सोडून लिवा," अण्णा म्हणाले. "रविवारी ह्याची सुट्टी असती."

"रविवारी दुकान बंद ठेवू," फोनवरून आवाज आला.